मी न दिलेलं पिवळं कार्ड

मी अमरावतीत एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात झाडझुडीचं काम करते. शिक्षण चौथी. पाचवीची शाळा नदीपलीकडच्या गावात होती आणि मुलींना तिकडे पाठवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. वाचायची सवय टिकली ती वसतिगृहामुळे. परीक्षा संपल्या की मुली अर्ध्या कोऱ्या वह्या टाकून जातात, त्या मी घरी आणते. हे तसल्याच एका वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

मी कमी बोलते. चार माणसं समोर असली की माझा घसा बसतो. वसतिगृहात तो गुण समजतात. कोणत्या खोलीत काय सापडलं, कोण रडत होतं, कोणाचा फोन कोणाला जातो, हे झाडणारीला सगळं कळतं आणि मी ते कुठे सांगत नाही. म्हणून मुली मला मावशी म्हणतात आणि माझ्यासमोर काहीही बोलतात.

दर हिवाळ्यात कॉलेजात आरोग्य सप्ताह होतो. वजन करतात, डोळे तपासतात, रक्त तपासतात. मोठ्या हॉलमध्ये भाषणं होतात. एक मॅडम आहारावर बोलायच्या, ताटात रोज पाच रंग असले पाहिजेत म्हणायच्या. मागून एखादी मुलगी म्हणायची, "मॅडम, आमच्या मेसमध्ये दोनच रंग हायेत, पिवळं वरण अन् पिवळे आलू." सगळा हॉल हसायचा. लोहाच्या गोळ्या वाटायचे, त्या दुसऱ्या दिवशी मला मोरीच्या जाळीत सापडायच्या. मनाच्या आजारावर बोलायला एक सर आले होते. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला सांगितला. मुली खुसूखुसू हसत होत्या. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीनं डोळे उघडलेच नाहीत, तिच्या गालावरून पाणी चाललं होतं. सरांना ते दिसलं नाही. मला दारातून दिसलं. मी रिकामे ग्लास उचलून नेले.

माझी मुलगी त्याच कॉलेजात शिकत होती. राहायला माझ्याजवळ, घरी. दुसऱ्या वर्षाला तिनं आरोग्याच्या कामात नाव दिलं. कॉलेजनं अशा पंधरा-वीस मुली निवडल्या होत्या. त्या खोल्याखोल्यांतून फिरायच्या, गोळी घेतली का विचारायच्या, पाळीत त्रास होतो का विचारायच्या. मुली तिला चिडवायच्या, "आली पाहा गोळीवाली." ती हसायची, पण समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची. बापावर गेली होती. त्यांनाही माणसांत बोलायला भीती नव्हती. ते गेले तेव्हा ती दहावीत होती.

त्यांच्या तेरवीला माझ्या नणंदेनं सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरगी आता माही. माह्या पोराले करीन मी." नणंद अकोल्याला असते. तिचा मुलगा दालमिलमध्ये वायरमन आहे. आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाणं आमच्यात चांगलं मानतात. मीही माझ्या आत्याच्याच घरी दिलेली. मुलगी आणि तो मुलगा लहानपणापासून एकमेकांना ओळखत होते. फोनवर बोलताना ती ओसरीवरून अंगणात जायची, त्यावरून मला कळायचं की तिला तो आवडतो. मी निर्धास्त होते. बाप नसलेल्या मुलीसाठी मला कोणाच्या दारात जाऊन बोलावं लागणार नव्हतं.

त्या वर्षीच्या सप्ताहात सिकलसेलवर भाषण झालं. बोलायला एक डॉक्टरबाई आल्या होत्या. मी पाण्याचे जार ठेवून दाराशी उभी राहिले. बाई साधं बोलत होत्या. म्हणाल्या, आपल्या विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे, घरच्यांना माहीत नसतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मूल पहिल्या वर्षात असतं तेव्हाच त्याचे हातपाय सुजतात. डोळे पिवळे दिसतात. थंडीत किंवा तापात हाडं अशी दुखतात की मोठा माणूसही ओरडेल. लोक त्याला वात म्हणतात आणि तेल लावत बसतात.

माझ्या हातात ग्लासांचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला.

मला मुलीच्या आधी एक मुलगा होता. सहा हिवाळे जगला. बाई सांगत होत्या ते सगळं मी पाहिलेलं होतं. आम्ही त्याला वातच म्हणालो होतो. आईबाप दोघांच्याही रक्तात हा दोष लपलेला असेल तर त्या दोघांना काही होत नाही, पण प्रत्येक बाळंतपणात चारांतून एकदा पोराला आजार होऊ शकतो, असं बाईंनी सांगितलं. फळ्यावर दोन मोठी माणसं आणि चार लहान मुलं काढली आणि एक मूल पूर्ण रंगवलं. इतक्या वर्षांनी मला माझा मुलगा कशानं गेला ते एका ट्रेजवळ उभं राहून कळलं. आत मुली बिस्किटं खात होत्या.

तो गेला तेव्हा नणंद म्हणाली होती, "तुह्या पोटातच खोट हाय." मी ते खरं धरून चालले होते. मुलीसमोर त्याचा विषय काढत नव्हते. ती तेव्हा तीन वर्षांची होती, तिला दादा होता एवढंच माहीत. तापानं गेला असं मी तिला सांगितलं होतं. लग्नाच्या बोलण्यात तर गेलेल्या लेकराचं नाव काढतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींचं रक्त घेतलं. माझ्या मुलीनं रांगा लावल्या, भित्र्या मुलींचे हात धरले आणि शेवटी आपलं बोट पुढे केलं. मी फरशी पुसत होते. ज्यांच्या रक्तात काही नाही त्यांना पांढरं कार्ड, ज्यांच्यात दोष लपलेला आहे त्यांना पिवळं, आजार असेल त्यांना लाल. कार्डं महिनाभरानं येणार होती.

कार्डं आली त्या दिवशी आरोग्य खोलीतल्या सिस्टरनं मला बोलावलं. पांढरी कार्डं वर्गात वाटली जाणार होती. बाकीची तिच्याजवळ बंद पाकिटांत होती. तिनं मला एक चिठ्ठी दिली.

"मावशी, या मुलींना एकेक करून माझ्याकडे पाठवा. चार जणींत नाव घेऊ नका. तुम्ही कोणाला सांगणार नाही म्हणून हे काम तुमच्याकडे देते."

मी जिन्यात थांबून चिठ्ठी वाचली. खालून दुसरं नाव माझ्या मुलीचं होतं. कॉलेजात आमच्या आडनावाच्या आणखी मुली होत्या, म्हणून पुन्हा वाचलं. मध्ये तिच्या वडिलांचं नाव होतं.

इतर सगळ्या मुलींना मी बोलावून आणलं. एक मुलगी बाहेर येऊन माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "मावशी, माह्या घरी सांगू नका हं." माझी मुलगी तेव्हा लायब्ररीत बसलेली होती. मी तिकडे गेले नाही. सिस्टरकडे परत गेले.

"सिस्टर, ही माही पोरगी हाय. आज आली नाही. बरं नाही तिले."

तिनं चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मला खुर्चीवर बसवलं. "मग पाकीट तुम्हीच न्या. घाबरू नका, मावशी. पिवळं कार्ड म्हणजे आजार नाही. तिला काही होणार नाही. फक्त लग्नाआधी मुलाची तपासणी करून घ्यायची, एवढंच. दोघी या उद्या, मी तिला नीट समजावते."

मी पाकीट पदराखाली धरून घरी आणलं. उघडलं. कार्डावर तिचं नाव छापलेलं होतं, छान सरळ अक्षरांत. गेलेल्या मुलाच्या जन्माचा कागद ज्या डब्यात होता त्यातच ते ठेवलं.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आई, सगळ्या पोरींचे कार्ड आले. माहं नाही आलं वर्गात."

"तुहं पांढरं हाय म्हणे," मी म्हणाले. "सिस्टर सांगत होती. हापिसात राह्यलं."

"मग झालं," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

तिनं पुन्हा विचारलं नाही. मी कमी बोलते, म्हणून जे बोलते ते खरं असणार असं सगळे धरतात. सिस्टरनं दोन-तीन वेळा निरोप दिला, मी काही ना काही सांगितलं. वर्ष संपलं तसं तिचं काम संपलं, ती दुसरीकडे गेली.

मी अगदीच हातावर हात ठेवून बसले होते असं नाही. एकदा नणंदेला फोन केला. बोलायचं काय ते आधी चार वेळा मनात म्हणून पाहिलं.

"बाई, कॉलेजात आजकाल रक्त तपासून राहिले. लग्नाच्या आधी पोराचंबी तपासा म्हणतात."

"माह्या पोराले काय झालं वं?" ती म्हणाली. "धडधाकट हाय. घरातल्या घरात कोणी रक्त तपासते काय? तुले पोरगी द्याची नसंन तं तसं सांग, गोल गोल नको बोलू."

"तसं नाही, बाई."

"मग काहून काढलं?"

मी फोन ठेवला. पुढे एक वाक्य बोलायचं होतं. मुलीचं पिवळं आहे, एवढंच. मग त्याचं रक्त तपासलं असतं. पांढरं आलं असतं तर काहीच अडलं नसतं. पिवळं आलं असतं तर दोघांनी काय ते ठरवलं असतं. पण मला तेव्हा फक्त मोडलेलं लग्न दिसत होतं आणि लोकांत उभी असलेली मी दिसत होते.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि लग्न झालं. मुलगी अकोल्याला गेली. जावई मला मामीच म्हणतो, लहानपणापासून म्हणत आला तसंच. लग्नाच्या दिवशी तो म्हणाला, "मामी, आता तरी बोलत जा माह्याशी." सगळे हसले. मीही हसले.

दिवस गेल्याचं तिनं चौथा महिना लागल्यावर सांगितलं. सहावा महिना लागला तेव्हा नणंदेचे गुडघे दुखत होते म्हणून दवाखान्यात सोबत जायला मला बोलावलं. मी सकाळच्या एसटीनं गेले. आधीच्या आठवड्यात तिचं रक्त घेतलं होतं, त्या दिवशी कागद मिळणार होते. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी कागद पाहिला.

"तुमचं सिकल पॉझिटिव्ह आहे. तुम्ही वाहक आहात. मिस्टरांची तपासणी झाली आहे का?"

मुलगी हसली. "नाही मॅडम, काहीतरी चूक असंन. आमच्या कॉलेजात तपासणी झाली होती. मी स्वतः तिथे काम केलं आहे. माझं कार्ड पांढरं आहे."

"कार्ड आहे जवळ?"

मुलगी माझ्याकडे वळली. "आई, सिस्टरनं तुले काय सांगतलं होतं?"

खोलीत आम्ही तिघीच होतो. मी म्हणाले, "पिवळं होतं. माह्याजवळ हाय."

तिनं आधी मान हलवली, जशी समजल्यावर हलवतात. मग विचारलं, "तुह्याजवळ म्हणजे?"

"डब्यात ठेवलं. तुले दिलं नाही."

"काहून?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण तिथे ते फार लहान वाटलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कोणी मूल लहानपणी गेलं आहे का. मुलगी म्हणाली, "माझा भाऊ. तापानं." मी म्हणाले, "तापानं नाही." आणि मग सगळं सांगावं लागलं, तिच्यासमोर, पहिल्यांदा.

जावयाला त्याच दिवशी बोलावलं. त्याचं रक्त पाठवलं, उत्तर यायला बरेच दिवस लागले. तोही पिवळाच निघाला. पोटातल्या बाळाची तपासणी मोठ्या शहरात होते, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं, पण ती लवकर करावी लागते, आता वेळ निघून गेली आहे. लग्नाआधी दोघांचं माहीत असतं तर पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवता आलं असतं. त्या मला उद्देशून बोलल्या नाहीत. कोणालाच उद्देशून नाही.

घरी आलो तेव्हा नणंद ओट्यावर बसलेली होती. मला वाटलं ती पुन्हा माझ्या पोटाची खोट काढेल. तिनं तसं केलं नाही. बराच वेळ पायाला तेल लावत राहिली. मग म्हणाली, "तुनं आपलं लेकरू तडफडतानी पाह्यलं. अन् तरी गप राह्यली. मी तं अडाणी हाव वं, मी तुले वाट्टेल ते बोलीन. तुले दुसरा फोन नाही करता आला?"

ती खरं बोलत होती.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. मी खोली पांढरी करून घेतली होती, बाज बांधून ठेवली होती. सातव्या महिन्यात मुलीचा फोन आला. "मी तिकडे येत नाही. इथंच करणार." एवढंच. शेजारणी विचारायच्या, पोरगी कधी येते. मी सांगायचे, अकोल्याचा दवाखाना चांगला आहे. तेही खोटं नव्हतं. वसतिगृहात त्या हिवाळ्यात पुन्हा सप्ताह झाला. मी पाण्याचे जार ठेवले आणि दारात न थांबता मागच्या जिन्यानं खाली उतरले.

मुलगी झाली. मला बारशाला बोलावलं, सगळ्यांना बोलावतात तसं. बाळ गोरं, टपोऱ्या डोळ्यांचं. मी तिला मांडीवर घेतलं तेव्हा माझं लक्ष तिच्या बोटांकडेच होतं. माझ्या मुलीचं लक्ष माझ्याकडे होतं. तिनं काही म्हणायच्या आधी मी बाळ परत दिलं.

बाळाचं रक्त तपासल्यावर जावयाचा फोन आला. "मामी, लाल आलं," तो म्हणाला. मागे नणंदेच्या रडण्याचा आवाज होता. मुलीचा आवाज नव्हता.

त्यानंतर महिनाभर कोणाचा फोन नाही. मग एका दुपारी मुलीचा आला. मी कॉरिडॉर झाडत होते.

"आई, दादाले पह्यल्यांदा काय झालं होतं? कितव्या महिन्यात?"

मी झाडू भिंतीला टेकवला. फोनवर मला काही धड सांगता येईना.

"लिहून आणू का?" मी विचारलं.

"आण. सगळं लिही. आमच्या फाईलमध्ये लावीन मी."

त्या आठवड्यात मी रोज काम झाल्यावर वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बसून लिहिलं. काय आधी, काय मग. कोणत्या महिन्यात डोळे पिवळे. पाणी कमी प्यायला की दुसऱ्या दिवशी दुखायचं. पाय चेपून मागायचा आणि हात लावला की ओरडायचा. अचलपूरला एका माणसाकडे चोळायला नेलं होतं तेही लिहिलं. तिथे मी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते, तो सुटू नये म्हणून. ते लिहायला दोन दिवस लागले. शेवटचा दिवसही लिहिला, सकाळपासून.

पानं घेऊन मी अकोल्याला गेले. दार मुलीनं उघडलं. तिच्या खांद्यावर बाळ होतं, कण्हत होतं. पानं तिनं हातात घेतली पण वाचली नाहीत. बाळाचा उजवा हात माझ्यापुढे धरला.

"पाह्य. अशीच सूज होती?"

तळहाताची मागची बाजू फुगून ताठ झाली होती, बोटं मिटत नव्हती. अंगात ताप होता. मी बोट लावलं तसं बाळानं हात आखडला.

"होय," मी म्हणाले. "अशीच. चोळू नको."

"मले माहीत हाय चोळायचं नाही," ती म्हणाली. "रिक्षा बोलावली हाय. चल."

दवाखान्यात तिनं मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. "डॉक्टरनं दादाचं विचारलं तं बोलावीन. तेव्हा गप राहू नको."

तिनं बोलावलं. आत डॉक्टर होते, दोन सिस्टर होत्या, शिकणारी चार-पाच मुलं-मुली वह्या घेऊन उभी होती. माझ्या वसतिगृहातल्या मुलींच्याच वयाची. सगळे माझ्याकडे पाहत होते. टेबलावर बाळ कण्हत होतं आणि माझी मुलगी त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडत होती.

"तुमच्या मुलाला पहिल्यांदा सूज आली तेव्हा तो किती महिन्यांचा होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ महिन्यांचा," मी म्हणाले. "पह्यले डाव्या हाताची बोटं. मग दोन्ही पाय." आवाज फाटला. मी पुन्हा सुरू केलं. शिकणारी मुलं लिहून घेत होती. मी शेवटच्या दिवसापर्यंत सांगितलं, मध्ये कुठे थांबले नाही. माझी मुलगी ऐकत होती. तिनं वर पाहिलं नाही, पाण्याचा चमचा मात्र एकदाही चुकला नाही.